बंद पाकीट चालणार नाही

वकिलीची सनद हातात पडली आणि मी कुसुमताई ढमढेऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहिले, तेव्हा माझ्या हातात एक पाकीट होतं. आमचे बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे अर्ज कसा द्यायचा ते मला बाबांनीच शिकवलेलं. कागदाच्या तीन घड्या घालायच्या, पाकिटात सरकवायचा, कडेला गोंद लावून वरून मूठ आपटायची. एकदम पक्कं काम.

ताईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"यात काय लपवलंयस?"

"काही नाही. बायोडाटा आहे माझा."

"मग चिकटवलंस कशाला? उघड."

आता गोंद बाबांच्या हातचा. मी ओढलं, तर पाकिटासकट बायोडाटा फाटून दोन तुकडे झाले. मला वाटलं, गेली नोकरी. ताईंनी दोन्ही तुकडे टेबलावर एकमेकांना जोडून ठेवले, शांतपणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचले आणि म्हणाल्या, "फाटलेलं वाचता येतं. बंद असलेलं नाही वाचता येत. सोमवारपासून ये."

झालं! अशी मी त्यांची ज्युनियर झाले आणि पुढची नऊ वर्षं त्यांच्या मागे फायली घेऊन पळत राहिले. पळतच म्हणते, कारण त्या चालायच्या नाहीत. साठी ओलांडलेली बाई, उंची जेमतेम पाच फूट, मयूर विहारच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरून जिने उतरायच्या त्या थेट मेट्रोच्या डब्यातच थांबायच्या. काळा कोट कापडी पिशवीत, कारण "तो कोर्टाचा आहे, मेट्रोचा नाही". हायकोर्टातले शिपाई त्यांना 'डमडेरे मॅडम' म्हणायचे, एक जण 'धर्माधेरे' म्हणायचा. ताई कुणालाच सुधारत नसत. माझं मराठी मात्र रोज सुधारत. मी एकदा "ताई, फाइल सापडत नाही, मी बिल्कुल परेशान झालेय" म्हटलं, तर म्हणाल्या, "मराठीत माणूस हैराण होतो. तू मराठीत हैराण हो, मग फाइल शोधू."

त्यांचं स्वतःचं हिंदी काय वर्णावं! चाळीस वर्षं दिल्लीत काढून जसंच्या तसं तळेगावचं. पण एक वाक्य त्यांनी असं काही कमावलं होतं की ते ऐकलं की समोरचे सरकारी वकील खुर्चीत सावरून बसत. "हमको कागद दिखाओ." बस, एवढंच. सरकार म्हणतंय या माणसाची बदली झाली? कागद दिखाओ. सरकार म्हणतंय ही झोपडी बेकायदा? कागद दिखाओ. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण तर त्यांच्या डोक्यातच जायची. म्हणायच्या, "उघडून दाखव की बाबा. सव्वा लाखाची असेल तर आम्हीच टाळ्या वाजवू."

पण ताईंचं खरं वेड वेगळंच होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. कुठलीही केस आली की आपली बाजू लिहायला त्या बसतच नसत. आधी समोरच्याची लिहायची. हिरव्या कागदावर, हाताने, आणि मन लावून. "समोरच्या वकिलाने लिहिली असती त्याच्यापेक्षा चांगली लिही," हा हुकूम. तो हिरवा कागद मग फाइलमध्ये सगळ्यात वर लावायचा. त्याच्याखाली आपला अर्ज, त्याच्याखाली बाकीचे कागद. का? तर फाइल उघडली की पहिल्यांदा आपण कुठे हरू शकतो ते दिसलं पाहिजे. पहिल्या वर्षी मी दोन-तीनदा हिरवा कागद खाली लावला आणि अशी काही बोलणी खाल्ली, की नंतर झोपेतही मी हिरवा कागद वरच लावला असता. ही सवय लक्षात ठेवा. तिनेच पुढे माझी फजिती केली.

या हिरव्या कागदाचा एक किस्सा आमच्या ऑफिसात सगळे सांगायचे. ताईंच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने एक दिवस गच्चीला कुलूप ठोकलं आणि खाली नोटीस लावली, 'आदेशानुसार'. ताई पेटल्या. कुणाच्या आदेशानुसार? कुठल्या नियमानुसार? गच्ची काय यांच्या काकांची आहे? लगेच हिरवा कागद काढला, सेक्रेटरीची बाजू लिहायला बसल्या. लिहिता लिहिता वर जाऊन पाण्याच्या टाकीशेजारचा कठडा पाहून आल्या. हलवला तर हलला! अर्ध्या तासाने खाली उतरल्या, सेक्रेटरीची बेल वाजवली आणि म्हणाल्या, "आप सही हो. लेकिन नोटिस में कारण लिखो. कारण लिखा होता तो मेरा आधा दिन बच जाता." त्या बिचाऱ्याने त्याच दिवशी कारण लिहून नवी नोटीस लावली आणि पुढे आयुष्यभर सोसायटीच्या साध्या पाणीकपातीच्या नोटिशीलाही कारण लिहीत राहिला.

ताईंनी लग्न केलं नाही. एक भाऊ होता, तो तरुणपणीच गेला. त्यांचं म्हणून जे माणूस होतं, ते म्हणजे विनय जाधव. त्यांचा पहिला ज्युनियर. साताऱ्याकडच्या एका फौजी हवालदाराचा मुलगा, छावणीतल्या शाळेत शिकलेला, पहाटे उठून बूट चमकवणारा. मी ऑफिसात आले तोवर तो मोठा वकील होऊन सरकारच्या बाजूने उभा राहायला लागला होता. पण दर भाऊबीजेला संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ताईंच्या दारात हजर. ताईंना स्वयंपाकाचं अंग शून्य. त्यांचे शंकरपाळे म्हणजे दगड. विनयदादा ते चहात बुडवून बुडवून खायचा आणि म्हणायचा, "ताई, मागच्या वर्षीपेक्षा मऊ झालेत." ओवाळायच्या आधी चंद्राला ओवाळायचं म्हणून ताई निरांजन घेऊन बाल्कनीत जायच्या. दिवाळीच्या त्या धुरात समोरची बिल्डिंग दिसायची मारामार, चंद्र कुठला दिसायला! मग विनयदादा अंदाजाने बोट दाखवायचा, "तिकडे असेल," आणि ताई तिकडे ओवाळायच्या. बहीण-भावाचं नातं रक्ताचंच असावं लागतं असं म्हणणाऱ्यांना मी तेव्हा त्या बाल्कनीत आणून उभं केलं असतं.

आणि आता हरीशची गोष्ट. हरीश विमानतळावर विमानांच्या चाकांचं काम करायचा. बारा वर्षं. एक दिवस एका खात्याने त्याचा आत जायचा पास रद्द केला. पास नाही म्हणजे काम नाही. कारण विचारलं तर उत्तर आलं, गोपनीय. ताईंनी केस घेतली, आणि सरकारच्या बाजूने उभा राहिला विनयदादा.

ताई उठल्या, म्हणाल्या, कागद दिखाओ. विनयदादाने फायलीतून एक लाखेचं सील केलेलं पाकीट काढलं आणि थेट न्यायाधीशांच्या हातात दिलं. आमच्याकडे बघितलंही नाही. न्यायाधीशांनी ते फोडलं, वाचलं, परत बंद केलं आणि पाच मिनिटांत आमचा अर्ज फेटाळला. ताई नुसत्या उभ्या. जे वाचलंच नाही त्याला उत्तर काय देणार? त्या दिवशी ताईंच्या फायलीतला हिरवा कागद पहिल्यांदा कोरा होता.

बाहेर जिन्यावर हरीशने विचारलं, "मॅडम, उसमें क्या लिखा था?"

ताई कोट काढून पिशवीत घालत राहिल्या. हरीशने परत विचारलं, अगदी साधेपणाने, एखाद्याने वेळ विचारावी तसं. "मैंने क्या किया है, ये तो बता देते." मी दुसरीकडे बघत राहिले, कारण मला रडू येत होतं आणि कोटात असताना रडायचं नाही असा ताईंचा नियम होता. हरीश नंतर गाझियाबादला टायर पंक्चरच्या दुकानात कामाला लागला. दिवाळीला न चुकता ताईंना फोन करायचा. प्रश्न मात्र पुन्हा कधी विचारला नाही.

त्या वर्षीही विनयदादा भाऊबीजेला आला. मला वाटलं होतं दारातच भांडण होणार. झालं, पण ओवाळून झाल्यावर. तो म्हणाला, "ताई, काही गोष्टी उघड नाही करता येत. देशाचा प्रश्न असतो." ताई म्हणाल्या, "एखाद-दुसऱ्या वेळी असेलही. तू गेल्या दोन वर्षांत किती पाकिटं दिलीस? विमानतळाचं दिलंस, समजलं. शाळेच्या शिपायाच्या बदलीत देशाचा काय प्रश्न होता?" तो हसला आणि दुसरा शंकरपाळा चहात बुडवला. विषय तिथेच राहिला.

दोन वर्षांनी ती बातमी आली. हायकोर्टात न्यायाधीश नेमण्यासाठी वरिष्ठ न्यायाधीशांनी नावं सुचवली होती, आणि त्यात विनय जाधव! मी बातमी घेऊन धावतच चेंबरमध्ये शिरले. ताईंनी दोन्ही हात वर केले आणि चक्क टाळी वाजवली. "आमचा विनू! हवालदाराचं पोर गं!" मला पाठवून पेढे आणवले. शेजारच्या चेंबरमध्ये स्वतः वाटून आल्या. ज्या शिपायाला त्यांचं नाव म्हणता येत नव्हतं, त्यालाही दोन पेढे दिले. मग खुर्चीत बसल्या आणि हातातला अर्धा पेढा पुन्हा डब्यात ठेवला.

"रेवा, हिरवे कागद दे."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. "ताई, नको ना. विनयदादा आहे तो."

"म्हणून तर दोन दे. एकात मावायचा नाही."

त्या दोन पानांवर ताईंनी विनयदादाची बाजू लिहिली. काय लिहिली होती म्हणून सांगू! किती तयारीचा वकील, किती स्वच्छ, पैशाला न शिवणारा, गरीब अशिलाला खुर्ची देऊन बोलणारा, एकदा चुकून आपल्या फायद्याचा खोटा कागद पुढे आला तर भर कोर्टात तो मागे घेणारा. टाइप करताना मला वाटलं, आता याच्यापुढे विरोध काय लिहिणार ही बाई? पण तिसऱ्या पानावर विरोध होता, आणि एकाच मुद्द्यावर. यांनी वकील म्हणून वारंवार अशी भूमिका घेतली आहे की सरकारला कारण दाखवायला लावू नये. वकील अशिलाची बाजू मांडतो, हे मान्य. पण बाहेर भाषणांतही ते हेच म्हणाले आहेत, की सरकारवर विश्वास ठेवणं हेच कोर्टाचं काम. असा माणूस त्या खुर्चीवर बसला तर सरकारला थांबवणार कोण?

बातमी फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी एक मोठे वकील विरोधाला सही द्यायला स्वतः चालत आले. म्हणाले, "अच्छा किया मॅडम. हवलदार का लड़का, हमारे ऊपर बैठेगा?" ताईंनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि परत दिलं. "आपकी सही नहीं चाहिए." ते गेल्यावर दारापर्यंत जाऊन दार लावून आल्या आणि मला म्हणाल्या, "असल्या माणसांच्या सह्यांपेक्षा एकटी बरी." रागाने त्यांचं नाक लाल झालं होतं.

त्या रविवारी विनयदादा आला. भाऊबीज नव्हती, काही नव्हतं. बूट दारात काढले, पण बसला नाही.

"ताई, खरं आहे?"

"खरं आहे. परवा बार असोसिएशनच्या सभेत ठराव मांडणार आहे. तुला आधी सांगायला फोन लावत होते, तू उचलला नाहीस."

"मी काय चुकलो तेवढं सांगा."

"तू सरकारवर फार विश्वास ठेवतोस, विनू."

"मग कुणावर ठेवू?" त्याचा आवाज चढला. मी स्वयंपाकघरात होते, हातातलं भांडं तसंच राहिलं. "ताई, सरकार म्हणजे तुम्हाला कुणीतरी खुर्चीवर बसलेला साहेब वाटतो. माझ्यासाठी सरकार म्हणजे आमचे आबा. बर्फात उभे राहिलेले. आम्हाला घर सरकारने दिलं, शाळा सरकारने दिली, आबा गेले तेव्हा तिरंगा सरकारने घातला. वरून हुकूम आला की आबा कारण विचारत नव्हते. विचारत बसले असते तर तुम्ही-आम्ही इथे चहा पीत बसलो नसतो."

ताईंनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाल्या, "हे मी लिहायला विसरले. हे फार चांगलं आहे." आणि खरंच, हो, अगदी त्या भांडणाच्या मध्यात, हिरवं पान ओढून त्यांनी ते लिहून घेतलं! विनयदादा बघतच राहिला.

"पण आबा सैनिक होते," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "सैनिकाने कारण विचारायचं नाही. न्यायाधीशाने विचारायचंच. सरकार वाईट आहे म्हणून नाही रे. सरकार मोठं आहे म्हणून. हरीशएवढ्या माणसाच्या वतीने त्याला कारण विचारायला जगात एकच खुर्ची आहे."

"मग यापुढे मी भाऊबीजेला येऊ की नको?"

हे त्याने इतक्या हळू विचारलं की मला जेमतेम ऐकू आलं. ताईंचं पेन थांबलं.

"पाट मांडलेला असेल," त्या म्हणाल्या.

तो बूट हातात घेऊनच जिना उतरला. ताई बाल्कनीत गेल्या, तो फाटकाबाहेर जाईपर्यंत उभ्या राहिल्या, आणि परत आल्या तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एवढं एकच माणूस होतं गं माझं."

आता माझी फजिती. सभेसाठी ठरावाच्या दीडशे प्रती काढायचं काम माझं. पानं तीन होती, पण विनयदादाच्या वडिलांबद्दल ताईंनी घातलेली भर धरून चार झाली होती. वाटायचं होतं फक्त शेवटचं, विरोधाचं पान. हिरवे कागद फायलीतच राहायचे. पण इतक्या वर्षांचा हात! मी बोलत बोलत सगळी चळत टाचली, आणि हिरवी बाजू सगळ्यात वर.

सभागृह खच्चून भरलेलं. समोशांचा वास, पंख्यांची घरघर, मागच्या रांगेत हाताची घडी घालून विनयदादा. प्रती वाटल्या गेल्या आणि हळूहळू एक खसखस सुरू झाली. मग मोठ्याने हसू. कुणीतरी ओरडलं, "मॅडम, ये विरोध है या सिफारिश?" मी प्रत उघडली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. देवा, ती नजर! मग त्यांनी हातातल्या प्रतीकडे पाहिलं, चष्मा नीट केला, माइक स्वतःच्या उंचीला खाली ओढला.

"मेरी ज्युनियर ने गलती से सही काम किया है," त्या म्हणाल्या. "पहले यही पढ़ती हूँ."

आणि त्यांनी वाचलं! तिन्ही पानं, एक शब्द न गाळता. तो खोटा कागद मागे घेतल्याची गोष्ट, खुर्ची देण्याची गोष्ट, बर्फातले आबा. हसणारे गप्प झाले. समोसे हातात राहिले.  शेवटच्या पानाशी येऊन त्या थांबल्या. "यह सब सच है. इससे अच्छा आदमी आपको मिलेगा नहीं. फिर भी मेरा विरोध है. क्यों, वो अब सुनिए." आणि मग चार मिनिटं त्या तळेगावी हिंदीत अशा काही बोलल्या की मला उठून शिट्टी मारावीशी वाटली. शेवटी एवढंच म्हणाल्या, "अच्छा आदमी भी बंद लिफाफा पढ़ेगा, तो आधा ही पढ़ेगा. दूसरा आधा हरीश के पास है."

ठरावावर मतं घेतली. सात हात वर झाले. त्यातला एक माझा, आणि एक माणूस बहुतेक पंखा वाढवायला सांगत होता. आपटलो आम्ही, सपशेल! पण विश्वास ठेवा, त्या दिवशी परतताना मेट्रोत मी इतकी उडत होते की माझं स्टेशन गेलं. ताईंनी मात्र निघताना मागची रांग बघून घेतली होती. विनयदादा सभा संपण्याआधीच उठून गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच मजकूर निवेदन म्हणून नियमाप्रमाणे स्वतःच्या एकटीच्या सहीने वरिष्ठ न्यायाधीशांकडे पाठवला, आणि मला सांगितलं, "हिरवी बाजू वरच लाव. आता मुद्दाम."

काही महिन्यांनी विनयदादा न्यायमूर्ती झाला. शपथविधीला ताई गेल्या. शेवटच्या रांगेत बसल्या, उठून उभ्या राहिल्या, वाकून नमस्कार केला आणि परत आल्या. कुणी खवचटपणे विचारलं, "मॅडम, हरलात ना?" तर म्हणाल्या, "माझं म्हणणं नोंदवून झालं. आता तो न्यायाधीश आहे, आणि मी वकील. बघणं माझं काम." ताईंची केस त्याच्यापुढे लागली की तो ती दुसऱ्या न्यायाधीशांकडे पाठवायचा. रीतच ती. पण समोरासमोर आले तरी दोघं मान खाली घालून जायचे, ही काही रीत नव्हती.

त्या भाऊबीजेला पाट मांडला होता. रांगोळी मीच काढली. सहा वाजले, सात वाजले. ताईंनी बाल्कनीत जाऊन धुरातल्या चंद्राला ओवाळलं, कुठे असेल तिकडे, आणि निरांजन पाटासमोर ठेवून दिलं. पुढच्या वर्षीही तेच. मी चिडले होते. म्हटलं, "ताई, कशाला मांडता? येत नाही तो." ताई म्हणाल्या, "मी म्हटलंय, मांडलेला असेल म्हणून. सांगितलेलं बदलायला मला कारण लागतं." आणि स्वतःचा दगडासारखा शंकरपाळा चहात बुडवून खाल्ला. त्या वर्षी मला पहिल्यांदा दिसलं की त्या थकल्या आहेत.

तिसऱ्या वर्षी सहाच्या ठोक्याला बेल वाजली.

दारात विनयदादा. खाली गाडी, जिन्यात एक पोलीस, पण दादा चपला घालून आलेला, घरच्यासारखा. हातात एक लांबट पाकीट. मी बघितलं, पाकिटाची जीभ वर, उघडीच. गोंदाचा थेंब नाही.

ताईंनी बोट दाखवलं, तो पाटावर बसला. त्यांनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या. मी निरांजन लावून ताम्हन त्यांच्या हातात दिलं. ओवाळायच्या आधीच त्याने ताम्हनात ते पाकीट ठेवलं.

"हे काय?"

"उघडंच आहे, ताई."

आता कुणीही शहाणी बाई आधी ओवाळेल. आमच्या ताईंनी ताम्हन डाव्या हातावर तोललं आणि उजव्या हाताने कागद बाहेर ओढला. निकाल होता. विनयदादाने त्या आठवड्यात दिलेला. एका खात्याने कुणा बाईचा परवाना काढून घेतला होता, सरकारी वकिलाने सील केलेलं पाकीट पुढे केलं होतं, आणि न्यायमूर्ती जाधवांनी ते न फोडता परत दिलं होतं. निकालात म्हटलं होतं, जे तिला दाखवता येत नाही, ते मीही वाचणार नाही. पण ताई ते वाचतच नव्हत्या. त्या पहिल्याच पानावर अडकल्या होत्या.

"ही सरकारची बाजू कुणी लिहिली?"

"मी."

"सरकारी वकिलाने इतकी चांगली मांडली होती?"

"नव्हती मांडली. म्हणून मीच लिहिली आधी. तीन पानं." तो पाटावर मान खाली घालून बसला होता. "ताई, तुम्ही पाठवलेलं ते निवेदन माझ्याकडे आलं होतं. उत्तर द्यायला. वरची पानं मी किती वेळा वाचली ते विचारू नका. खालचं वाचायला दोन वर्षं लागली." मग थोडं थांबून म्हणाला, "हरीशच्या पाकिटात काय होतं, ते मी आजही नाही सांगू शकत."

"ठाऊक आहे. सांगूही नकोस," ताई म्हणाल्या. "ते उत्तर मला द्यायचं राहिलेलं नाही. हरीशला द्यायचं राहिलंय. ते देणं तुझ्यावर राहील."

 त्याने डोळे पुसले, अक्षता गालावर आल्या. मी तर हुंदकाच दिला. कोट कुठे घातला होता मी!

पुढच्या उन्हाळ्यात ताई गेल्या. मी नंतर पुण्याला आले, स्वतःचं ऑफिस काढलं, हिरव्या कागदांच्या रीमच्या रीम मागवते. पण ताई म्हटलं की मला त्या हॉस्पिटलातल्या दिसत नाहीत, कोर्टातल्याही नाही. त्या भाऊबीजेच्या दिसतात. डाव्या हातावर ताम्हन, निरांजनाची ज्योत निकालाच्या कडेला लागते की काय म्हणून मी खाली हात धरून उभी, आणि ताई चष्मा नाकावर ओढून वाचतायत.

"रेवा, लाल पेन्सिल आण. पाचव्या परिच्छेदात गडबड आहे."

"ताई, निकाल लागलाय त्याचा," विनयदादा पाटावरून म्हणाला. "आता दुरुस्ती नाही होत."

"निकालाची कोण करतंय? तुझी करतेय."

"ओवाळा तरी आधी. निरांजन विझेल."

"थांब रे मेल्या, मधेमधे बोलू नकोस," ताई म्हणाल्या आणि पान उलटलं. "वाचतेय ना मी."